नेपिअर डोक्यावर गेलं, दूध मात्र तिथंच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोठ्यात आठ संकरित गायी, सरासरी वजन 400 किलोच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी संकरित नेपिअर हे चाऱ्याचं उंच गवत लावलं, ते छान फुटलंय, ओल्या चाऱ्याला तोटा नाही. तरीही दूध वाढत नाही आणि खुराक, म्हणजे पेंड-भरडा, जरा कमी केला की लगेच उतरतं. म्हणून हे ठोंब उपटून जास्त प्रथिनांचं दुसरं गवत लावावं का, आणि लावायचं तर कोणतं?

उपटू नका. निदान आत्ता तरी नाही. प्रश्न विचारता विचारता तुम्ही सहज लिहून गेलात की, "कापणीला आलेल्या प्लॉटमध्ये माणूस शिरला तर दिसत नाही." दूध का वाढत नाही याचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

चाऱ्याचा दर्जा ठरवताना गवताची जात दुसऱ्या नंबरवर येते. पहिल्या नंबरवर येतं ते कापताना असलेलं गवताचं वय. एकाच ठोंबाचं 45 दिवसांचं गवत आणि 90 दिवसांचं गवत ही गायीच्या दृष्टीनं दोन वेगळी पिकं आहेत. 45 दिवसांच्या नेपिअरमध्ये, खत-पाणी बरं असेल तर, सुक्या वजनावर 9 ते 11 टक्के प्रथिनं सापडतात. तेच 90 दिवसांवर 5-6 टक्क्यांपर्यंत खाली येतं. गायीच्या कोठीपोटात जे सूक्ष्मजीव चारा कुजवून पचवतात, त्यांना जगायलाच चाऱ्यात साधारण 7 टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलात की सूक्ष्मजीव उपाशी, चारा पोटात रेंगाळतो आणि गाय कमी खाते. म्हणजे आधीच निकस असलेला चारा वर कमीही खाल्ला जातो.

गवत उंच व्हायला लागलं की खोडाला उभं राहण्यासाठी आधार हवा असतो. त्यासाठी पेशींच्या भिंती जाड होतात आणि त्यांत लिग्निन भरतं, तेच लाकडाला लाकूड बनवणारं द्रव्य. लिग्निन जनावराला पचत नाही, हे एक. पण ते ज्या तंतूंना चिकटतं तेही सूक्ष्मजीवांच्या हाती लागू देत नाही, आणि नुकसान खरं तिथं होतं.

1960 च्या दशकात पीटर व्हॅन सोएस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं चारा साबणासारख्या द्रावणात उकळून तंतू मोजायची पद्धत बसवली. उदासीन द्रावणात उकळल्यावर मागे राहतात त्या पेशींच्या भिंती, त्यांना एनडीएफ म्हणतात. आम्लयुक्त द्रावणात उकळून उरतं ते एडीएफ. चारा तपासणीच्या अहवालात हे दोन आकडे असतात आणि बहुतेक जण ते सोडून थेट प्रथिनांवर नजर टाकतात. मी आधी एनडीएफ बघतो, कारण गाय किती खाणार हे तो सांगतो. एडीएफ सांगतो की खाल्लेलं किती पचणार.

ढोबळ नियम असा की चाऱ्यातून गाय आपल्या वजनाच्या सुमारे 1.2 टक्के एवढं एनडीएफ पोटात घेते. मग पोट भरतं आणि ती थांबते. 400 किलोची गाय धरली तर 4.8 किलो एनडीएफ. आता दोन चारे घ्या. पहिला वेळेवर कापलेला, एनडीएफ 60 टक्के. तो ती 8 किलो खाईल, सुक्या वजनात बरं का, ओल्या नव्हे. दुसरा जून झालेला, एनडीएफ 72 टक्के. तो 6.7 किलोच्या पुढे जाणार नाही. पहिल्यात पचणारा भाग, म्हणजे टीडीएन, 58 टक्के धरला तर गायीला 4.6 किलो टीडीएन मिळालं. दुसऱ्यात तो 50 टक्के धरला तर 3.3 किलो. एवढ्या वजनाच्या गायीला नुसतं जगायला रोज 3.1 किलोच्या आसपास टीडीएन लागतं, आणि 4 टक्के फॅटच्या एका लिटर दुधाला सुमारे 0.32 किलो. करा भागाकार. वेळेवर कापलेल्या चाऱ्यावर साडेचार लिटरची ऊर्जा निघते, जून चाऱ्यावर अर्धा-पाऊण लिटरची. गोठा तोच आणि गवताची जातही तीच.

हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात प्रथिनं, पाणी, ऊन, वेताचा टप्पा असं बरंच काही मध्ये येतं. पण खुराक कमी केला की दूध का पडतं ते यावरून कळावं. तुमच्या गायी दूध देतायत ते खुराकावर. नेपिअर त्यांना फक्त जगवतंय.

आता तुमच्याकडे चाऱ्याला तोटा नाही, आणि गोम तिथंच आहे. गवत गरजेपेक्षा जास्त लावलेलं असलं की रोज लागेल तेवढंच कापलं जातं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर ती 80-90 दिवसांची होते. तोवर पहिली ओळ पुन्हा जून व्हायला लागलेली असते. म्हणजे बारा महिने गायीच्या वाट्याला जून गवतच येतं. मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक गोठ्यांत "नेपिअरमध्ये दम नाही" ही तक्रार अशीच निघाली.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण त्याआधी उद्या सकाळी तीन गोष्टी करा. गव्हाणीतली उष्टी वैरण उचला आणि हातात घेऊन बघा. पानं संपलीत आणि बोटभर जाडीची कांडकी उरलीत, तर गाय तुम्हाला सांगतेय. मग शेतातल्या एका धाटाचं खालून तिसरं पेर घ्या आणि नखानं दाबा. नख रुतलं आणि ओल आली तर ठीक. वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि आत पांढरा भुसभुशीत गाभा दिसला तर त्या पेरात गायीसाठी फारसं काही राहिलेलं नाही. तिसरी गोष्ट जरा किळसवाणी आहे, पण मी कुठल्याही गोठ्यात गेलो की करतोच. मूठभर शेण पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचं. खाली राहिलेले तंतू अर्ध्या इंचाहून लांब आणि भरपूर असले, तर चारा न पचताच बाहेर पडतोय. घरची चाळणी घेऊ नका, एकदा घेतली होती, अजून ऐकून घेतोय.

कापणीचं वय ठरवताना दिवस आणि अवस्था दोन्ही बघायचं. नवीन लावणीची पहिली कापणी 60 ते 75 दिवसांनी, कारण मुळं बसायला वेळ लागतो. त्यानंतर ऊब आणि पाणी असेल तर 40 ते 50 दिवसांनी, थंडीत वाढ मंदावते तेव्हा त्याहून उशिरा. उंची म्हणाल तर छातीएवढी झाली की विळा लावा. कापताना खाली 10 ते 15 सेंटिमीटर बुडखा ठेवायचा. जमिनीलगत खरडून कापलं की फुटवे दमतात आणि ठोंब मधून मरायला लागतो. शिवाय बुडख्याच्या तळाला नायट्रेट जास्त असतं, त्याकडे पुढे येतो.

मग 25 दिवसांनीच का कापू नये? विचारतात लोक. एक तर मुळांत साठवलेलं अन्न भरून यायच्या आत पुन्हा कापलं तर वर्षभरात प्लॉट विरळ होतो. दुसरं, इतक्या कोवळ्या गवतात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. 30 किलो टाकलं तरी सुकं वजन साडेचार किलोसुद्धा भरत नाही. गाय दिवसभर खाताना दिसते, शेण पातळ होतं, फॅट उतरतं. तिसरं कारण ऑक्झलेट. नेपिअर, बाजरी, सेटारिया या गवतांत ते मुळातच जास्त, आणि कोवळ्या पानांत आणखी जास्त. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या गायीला, त्यातही नुकत्याच व्यायलेल्या गायीला, हे परवडत नाही. नेपिअरवर असलेल्या गोठ्यात खनिज मिश्रण रोज द्यायचं, आठवण झाली की द्यायचं असं नाही.

कापायची वेळही सांगतो, फुकटचा फायदा आहे. झाड दिवसभर उन्हात साखर बनवतं आणि रात्री वापरतं. त्यामुळे दुपार उतरताना कापलेल्या गवतात पहाटेपेक्षा साखर जास्त असते, गाय ते आवडीनं खाते आणि मुरघासही (हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा) चांगला बनतो. सवयीनं सगळे पहाटे कापतात, आणि दवानं भिजलेला भारा वजनदार लागतो म्हणून खूश होतात. ते वजन पाण्याचं.

आता जातीकडे येऊ, कारण तुम्ही विचारलंय तेच.

नवीन बेणं विकणारा 16-18 टक्के प्रथिनांचा आकडा सांगेल. त्याला तीन प्रश्न विचारा. किती दिवसांच्या कापणीचा? नुसत्या पानांचा की धाटासकट? सुक्या वजनावर की ओल्या? बहुतेक वेळा आकडा कोवळ्या पानांचा असतो. गवत निवडताना मी स्वतः पानांचं धाटाशी प्रमाण बघतो. एक ठोंब कापायचा, पानं एका बाजूला, धाटं दुसऱ्या बाजूला, आणि तराजूवर टाकायचं. पानं निम्मी किंवा जास्त भरली तर ती जात तुमच्याकडे, तुमच्या कापणीच्या वेळेला, चांगली. मग पान खरखरीत आहे का, कडा कापतात का, कूस अंगाला टोचते का ते बघायचं. कापणारा माणूस ज्या गवताला कंटाळतो ते वेळेवर कापलं जात नाही.

संकरित नेपिअर म्हणजे नेपिअर आणि बाजरी यांचा संकर. नेपिअरकडून ठोंब धरून वर्षानुवर्षं फुटायचा गुण आला, बाजरीकडून मऊपणा आणि चव. बी धरत नाही, म्हणून कांडी किंवा ठोंब लावावे लागतात. भरपूर पाणी आणि खत असलं तर उत्पादनात याच्या जवळपास कुणी येत नाही, तुमचं निम्मं काम झालेलं आहे ते यामुळेच. पण हे खादाड पीक आहे. प्रत्येक कापणीनंतर नत्र दिलं नाही तर प्रथिनं खाली येतात आणि जातीला दोष लागतो.

झाडांच्या सावलीत किंवा फळबागेच्या ओळींत जागा असेल तर गिनी गवत लावा. धाट बारीक, पानं जास्त, सावली सोसतं, कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, न करताही गायी खातात. मला स्वतःला दुभत्या गायीसाठी गिनी नेपिअरपेक्षा आवडतं, पण एकरी उत्पादन कमी म्हणून लोक तयार होत नाहीत. पाणी साचणाऱ्या जागेत पॅरा गवत तगतं, बाकीची कुजतात. खारवट जमिनीत ऱ्होड्स गवत, त्याचं धाट बारीक असल्यानं वाळवूनही उत्तम होतं. पाऊसच कमी तिथं अंजन गवत. चरायला सोडायचं असेल आणि जमीन आम्लधर्मी, हलकी असेल तर ब्रॅकिएरिया. नेपिअर चरण्यासाठी नाही, जनावरं ते तुडवतात आणि वरचे शेंडे खाऊन खोड उभं ठेवतात.

थंड हवेच्या प्रदेशातली गवतं या सगळ्यांपेक्षा पचायला सरस असतात, कारण त्यांच्या पानांची ठेवणच वेगळी, जाड भिंतींच्या पेशी कमी. त्यात बारमाही रायग्रास हे दुभत्या गायीचं गवत म्हणून पहिलं. त्याच्या प्रत्येक फुटव्याला साधारण तीनच जिवंत पानं असतात. चौथं आलं की पहिलं वाळायला लागतं. म्हणून तीन पानं झाली की गायी आत सोडायच्या, त्यानंतर थांबून हाती लागतं ते वाळकं पान. टॉल फेस्क्यू चिवट खरं, पण त्याच्या काही जुन्या वाणांत एक बुरशी मुक्कामाला असते आणि तिच्या विषानं गायी ऊन सोसेनाशा होतात, दूध घटतं. तिथं वाण बघूनच घ्यायचं. पण तुमचं नेपिअर माणसाच्या डोक्यावर जातंय, म्हणजे तुमची हवा उबदार आहे. रायग्रासचे फोटो बघून बी मागवू नका.

हंगामी पिकांत मका मला सगळ्यात बिनधोक वाटतो. दाणा दुधाळ अवस्थेतून घट्ट व्हायला लागला, दाण्यावरची दुधाची रेषा निम्म्यावर आली, की मुरघासाला तयार. तेव्हा सुकं वजन 30-35 टक्के असतं. ज्वारी उत्पादन देते, पाणी कमी घेते, तपकिरी शिरेचे वाण पचायला हलके कारण त्यांत लिग्निन कमी. पण ज्वारीचा एक स्वभाव विसरायचा नाही, तो म्हणजे किराळ, कोवळ्या ज्वारीतून होणारी विषबाधा.

गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पाण्यावाचून करपलेली ज्वारी, आणि कापल्यावर आलेला फुटवा, या तिन्हींत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारं द्रव्य साठतं. माझ्याच गोठ्यातली एक कालवड दावं तोडून अशा फुटव्यात शिरली होती. ऊन ताणलेलं, प्लॉट आठवडाभर तहानलेला. तिला बाहेर काढून बांधेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तोंडाला फेस, धाप, पाय लटपटतायत, आणि डोळ्यांच्या आतली त्वचा लालभडक. डॉक्टर योगायोगानं जवळच होते, त्यांनी सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं म्हणून वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर दुसऱ्या दिवशी हे लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापायची नाही, हा नियम मी तेव्हापासून कुणासाठी मोडत नाही. वाळवली किंवा मुरवली तर हे विष बरंचसं उडून जातं.

नायट्रेटचं उलट आहे. ते वाळवून जात नाही, मुरघासात मात्र कमी होतं. युरिया भरपूर टाकला, मग पाऊस ओढला किंवा ढगाळ हवा लागली, की झाड मुळातून नायट्रेट ओढतं पण त्याची प्रथिनं बनवू शकत नाही. ते धाटाच्या खालच्या भागात साठतं. पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं आणि चॉकलेटी दिसायला लागतं. नेपिअर, ज्वारी, बाजरी, ओट, सगळ्यांत हे होऊ शकतं. युरिया टाकून आठवडा झाला नसेल तर तो पट्टा कापू नका, आणि ताणानंतर पाऊस झाला तर चार-पाच दिवस थांबा.

प्रथिनांची तुमची काळजी मात्र खरी आहे. पण ती दुसरं गवत लावून मिटणार नाही, द्विदल चारा लावून मिटेल. वेळेवर कापलेल्या लसूणघासात 18-20 टक्के प्रथिनं असतात, आणि कॅल्शियम भरपूर, म्हणजे नेपिअरच्या ऑक्झलेटची भरपाईही तिथंच होते. कळ्या दिसायला लागल्यापासून दहातल्या एका काडीला फूल येईपर्यंत कापा. त्यातली जवळपास दोन तृतीयांश प्रथिनं पानात असतात, म्हणून वाळवताना कडक उन्हात उलथापालथ करून पानं झडली की हातात काड्या राहतात. तीन भाग सुक्या वजनात दोन भाग गवत, एक भाग द्विदल, असं प्रमाण मी ठेवतो. लसूणघास किंवा बरसीम सकाळी उपाशीपोटी, ओलं, एकटं घालायचं नाही. पोटफुगीनं गाय तासाभरात आडवी होते. आधी थोडी वाळकी वैरण, मग सुकवलेला घास. चवळीला ही भीती त्यामानानं कमी.

कुट्टीबद्दल एवढंच की ती दोन-तीन सेंटिमीटरची ठेवा. भुशासारखी बारीक केली तर गाय वाया कमी घालवते खरं, पण रवंथही कमी करते. लाळ कमी, पोटात आंबटपणा जास्त, फॅट खाली. आडव्या बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात, आणि एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा हलला पाहिजे. मोजा एकदा, बसून.

तर तुमच्या प्लॉटचं असं करा. जुनं झालेलं सगळं नेपिअर एकदम कापून टाका. त्यातलं अगदीच लाकडासारखं झालेलं दुभत्या गायींना घालू नका, भाकड जनावरांना घाला. बाकीच्याचा मुरघास करता येईल, पण तो काही कोवळा होणार नाही, जून गवताचा जूनच मुरघास होतो. मग रोज किती लागतं ते मोजा. आठ गायींना प्रत्येकी 25 किलो धरलं तर दिवसाला 200 किलो. एका कापणीत 200 किलो देईल एवढा एक पट्टा, असे 45 पट्टे आखा. ओळी मोजून खुंट्या ठोकल्या तरी पुरे. रोज एक पट्टा. बाकीच्या जागेतलं नेपिअर काढून तिथं लसूणघास आणि मका घ्या. उपटायचं असेलच तर एवढंच उपटा. पहिल्या फेरीत सगळे पट्टे एका वयाचे असतील, त्यामुळे ते एकाच वेळी तयार होतील. तेव्हा रोजच्या पट्ट्याव्यतिरिक्त 50 दिवसांपुढे जाणारं सगळं कापून, एक दिवस सुकवून मुरवा. कुट्टी मुठीत आवळायची. पाणी टपकलं तर अजून सुकवायचं, मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू उलगडला तर भरायला योग्य. गवतात साखर कमी म्हणून दोन-तीन टक्के मळी (मोलॅसिस) घाला, तुडवून हवा काढा, 45 दिवस उघडू नका. आंबट-गोडसर वास आला तर जमलं, कुजकट उग्र आला तर पाणी जास्त राहिलं होतं.

नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या, कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना बदलायला तेवढा वेळ लागतो. आणि खुराकाला पहिले तीन आठवडे हात लावू नका. आधी गव्हाणीत कांडकी उरायची थांबू देत, शेण धुतल्यावर चाळणीत लांब तंतू दिसेनासे होऊ देत. मग सगळ्या गायींचा एकदम नाही, विऊन जास्त दिवस झालेल्या दोन गायींचा अर्धा किलो कमी करून आठवडाभर दूध मोजा. टिकलं तर आणखी अर्धा किलो. नुकत्याच व्यायलेल्या गायींचा खुराक यात धरूच नका.